हाडांत दडलेली गांठ

मनुष्याच्या देहांत सर्वांत स्थिर वस्तु कोणती, असा प्रश्न कोणीं केला, तर बहुतेक जण हाडाचेंच नांव घेतील. मांस झिजतें, रक्त वाहतें, कातडीला सुरकुत्या पडतात. हाड मात्र चितेनंतरही उरतें, आणि म्हणूनच तर अस्थि तीर्थाच्या ठिकाणीं नेण्याची चाल पडली. वैद्यकशाळेंत तारांनीं जोडून टांगलेला सांगाडा पाहून शिकलेल्या डॉक्टरांची समजूतही फारशी निराळी नव्हती. हाड म्हणजे घराचा वासा. एकदां उभा राहिला कीं राहिला. ही समजूत १९३५ सालीं खोटी ठरली, आणि ती खोटी ठरली म्हणूनच पुढें एका विलक्षण दुखण्याचा ठावठिकाणा सांपडूं लागला.

दुखणें वरून पाहतां लहानसें. बारा-पंधरा वर्षांचा धट्टाकट्टा मुलगा. दिवसभर शाळा, खेळ, हुंदडणें चालू. पण रात्रीं अंथरुणाला पाठ लागली कीं मांडी किंवा नडगी ठणकूं लागावी. घरच्यांनीं तेल चोळावें, शेक द्यावा, वाढत्या वयाचें दुखणें म्हणून समजूत घालावी. एखाद्या रात्रीं ॲस्पिरिनची गोळी दिली, तर अर्ध्या-पाऊण तासांत ठणका असा नाहींसा व्हावा, कीं आईबापांना मुलाच्या बोलण्याचाच संशय यावा. क्ष-किरणांचें छायाचित्र काढलें, तर त्यांत कांहीं दिसूं नये. असे महिने जात, कधीं वर्षेंही जात. कित्येकांच्या कागदांवर ‘मानसिक’ असा शेरा पडला. गांठ खुब्याजवळ असली तर पुष्कळदां दुखे गुडघा, आणि मग निर्दोष गुडघ्याचींच छायाचित्रें एकामागून एक निघत. कण्यांत असली तर मूल एका अंगाला वांकूं लागे, आणि कण्याच्या वांकडेपणावर उपचार सुरू होत.

न्यूयॉर्कच्या ‘हॉस्पिटल फॉर जॉइंट डिसीझेस’ या रुग्णालयांतील विकृतिशास्त्रज्ञ हेन्री जॅफी यांनीं १९३५ सालीं अशा पांच रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तत्पूर्वीं ही गांठ शस्त्रवैद्यांच्या हातीं लागत नसे असें नाहीं. परंतु ती लागली तरी हाडांतलें जुनाट गळूं म्हणूनच तिची नोंद होई. पू निघत नाहीं, जंतु सांपडत नाहींत, याचें आश्चर्य करावें, आणि नांव मात्र गळवाचेंच ठेवावें, असा प्रकार चालला होता. जॅफी यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून सांगितलें, कीं हें दाहाचें काम नव्हे. ही सौम्य अर्बुदाची एक स्वतंत्र जात आहे. तिला त्यांनीं ‘ऑस्टिऑइड ऑस्टिओमा’ हें नांव दिलें. या गांठीचा गाभा दीड सेंटिमीटरपेक्षां क्वचितच मोठा असतो; पण त्याच्या भोंवतीं हाड इतकें जाड होत जातें, कीं भिंतींत चिणलेल्या नाण्याप्रमाणें तो गाभा दिसेनासा होतो. हाडाच्या सर्व प्रकारच्या गांठींत हिचे रुग्ण शेकडा दोन-तीनच. ती जिवावर बेतत नाहीं; परंतु वाढत्या वयाच्या मुलाची झोप महिनोन् महिने हिरावून घेणारें दुखणें सौम्य म्हणावें कीं नाहीं, हें त्या मुलालाच विचारलेलें बरें. गाभ्यांत प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं वेदनाजनक द्रव्यें फार मोठ्या प्रमाणांत तयार होतात, आणि ॲस्पिरिन नेमकी तीच क्रिया थांबवतें, हा उलगडा पुष्कळ वर्षांनंतर झाला. आईबापांचा संशय वाढविणारी ती गोळी वस्तुतः मुलाच्या बाजूची साक्ष देत होती.

क्ष-किरणांना ही गांठ कां दिसूं नये? रंटगेन यांनीं १८९५ सालीं लावलेला तो शोध हाडासाठींच जन्माला आला असें वाटावें, इतकें हाड त्यांत स्पष्ट उमटतें. पण तें छायाचित्र असतें सांवलीचें. हाडांत क्षार किती आहे, एवढेंच सांवली सांगते. आणि तेथील क्षार शेकडा तीस-चाळीस कमी झाल्याशिवाय सांवलींतला फरक डोळ्यांना पुष्कळदां कळत नाहीं. शिवाय कणा, खुबा, पावलाचीं लहान हाडें अशा ठिकाणीं एका हाडाची सांवली दुसऱ्यावर पडते. घर बाहेरून पाहिलें तर भिंती दिसतात. आंत कोण जागें आहे आणि कोणत्या खोलींत चूल पेटली आहे, हें कसें दिसणार?

योगायोग असा, कीं त्याच १९३५ सालच्या नोव्हेंबरांत ‘नेचर’ या साप्ताहिकांत कोपनहेगनहून आलेला एक छोटासा लेख छापला गेला. लेखक होते चीविट्झ आणि गेओर्ग हेवेशी. न्यूयॉर्कच्या विकृतिशास्त्रज्ञाला त्या लेखाशीं कांहीं कर्तव्य असण्याचें कारण नव्हतें; या दोन लेखांची गांठ पडावयास पुढें साडेतीन तपें जावीं लागलीं.

हेवेशी हे मूळचे हंगेरीचे. मोठे कल्पक आणि कांहींसे मिस्किल गृहस्थ. तरुणपणीं मँचेस्टरला राहत असतांना आपली खाणावळवाली रविवारचें उरलेलें मांस आठवडाभर पुन्हां पुन्हां वाढते, असा त्यांना संशय आला. त्यांनीं ताटांतल्या उष्ट्यांत किरणोत्सर्गी द्रव्याचा किंचित् अंश मिसळला, आणि कांहीं दिवसांनीं पुढें आलेल्या पदार्थांत तो उपकरणानें ओळखून बाईंची लबाडी उघडकीस आणली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. गोष्ट गमतीची खरी. पण त्यांच्या साऱ्या संशोधनाचें बीज तींत आहे. एखाद्या मूलद्रव्याचे किरणोत्सर्गी अणु रासायनिक व्यवहारांत आपल्या साध्या भावंडांप्रमाणेंच वागतात. फरक एवढाच, कीं ते जातील तेथून आपला पत्ता कळवीत राहतात. कळपांतल्या एका गाईच्या गळ्यांत घंटा बांधावी, आणि तिच्या आवाजावरून सारा कळप कोणत्या रानांत आहे तें ओळखावें, तशी ही युक्ति. १९२३ सालीं त्यांनीं ती वनस्पतींवर चालविली, आणि १९३५ सालीं किरणोत्सर्गी फॉस्फरस उंदरांच्या अन्नांत घालून पाहिला.

फॉस्फरस हाडांत गेला, यांत नवल नव्हतें. नवल होतें तें पुढेंच. पूर्ण वाढ झालेल्या उंदरांच्या हाडांतही नवे अणु जाऊन बसत होते, आणि जुने तेथून उठून जात होते. म्हणजे हाड हा वासा नव्हे. तो भरलेला बाजार आहे. तेथें देवघेव अखंड चालू असते. हेवेशी यांना त्यांच्या या पद्धतीबद्दल १९४३ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

हाडांना विशिष्ट द्रव्यांची ओढ असते, ही गोष्ट त्याआधीं अमेरिकेंत फार मोठी किंमत देऊन समजली होती. न्यू जर्सी प्रांतांतील ऑरेंज या गांवीं पहिल्या महायुद्धाच्या काळापासून घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारांत चमकणारे आंकडे रंगविण्याचा कारखाना होता. रंगांत रेडियम असे. कुंचल्याला टोंक आणण्यासाठीं तेथील मुली तो ओठांत धरून ओला करीत. तसेंच त्यांना शिकविलेलें होतें. प्रत्येक आंकड्यागणिक रेडियमचा कण पोटांत जाई, आणि कॅल्शियमचा तो सगोत्र असल्यामुळें शरीर त्याला हाडांत नेऊन ठेवी. मुलींचे जबडे सडूं लागले, पंडुरोगानें त्या खंगूं लागल्या. त्या भागाचे सरकारी वैद्यकीय तपासनीस हॅरिसन मार्टलँड यांनीं १९२५ सालीं या रोगाचें कारण जाहीर केलें, आणि १९२९ सालीं या मुलींच्या हाडांत झालेल्या घातक अर्बुदांचें वर्णन प्रसिद्ध केलें. ज्या ओढीनें त्यांचे प्राण घेतले, तीच ओढ पुढें अर्बुदें शोधण्याच्या कामीं आली. फरक पडला तो द्रव्याच्या मात्रेचा आणि आयुष्याचा. रेडियमची अर्धायु सोळाशें वर्षांची. शरीरांत एकदां घुसलेला हा पाहुणा जन्मांत उठत नाहीं. रोगनिदानाला हवा होता असा दूत, कीं जो निरोप सांगून त्याच दिवशीं निघून जाईल.

असा दूत मिळेपर्यंत मधलीं वर्षें खटपटींत गेलीं. बर्कली येथें बेल्जियन संशोधक शार्ल पेशेर यांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं किरणोत्सर्गी स्ट्राँशियम हाडांत कसें सांचतें तें पाहिलें. पण १९४१ सालींच त्यांचा मृत्यु झाला. लॉस एंजेलिस येथील बेनेडिक्ट कॅसन यांनीं १९५० च्या सुमारास अंगावरून ओळीओळीनें फिरून किरणांची नोंद करणारें यंत्र बनविलें, आणि १९६१ सालीं स्ट्राँशियम-८५ च्या साहाय्यानें हाडांतील विकारांचीं चित्रें निघालीं. परंतु त्याची अर्धायु ६५ दिवसांची. कर्करोग झाल्याचें आधींच ठाऊक असलेल्या रोग्यालाच तें द्यावें, असा दंडक पडला, आणि तो योग्यच होता. रात्रीं पाय दुखतो म्हणून रडणाऱ्या बारा वर्षांच्या पोराला तें टोंचण्याचें धाडस कोण करणार?

हवा असलेला दूत वस्तुतः १९३८ सालींच सांपडला होता; त्याचा उपयोग मात्र कोणाला माहीत नव्हता. बर्कलीच्या सायक्लोट्रॉन यंत्रांतील मॉलिब्डेनम धातूची एक निरुपयोगी झालेली पट्टी लॉरेन्स यांनीं १९३७ च्या आरंभीं पाकिटांत घालून सिसिली बेटावरील पालेर्मो येथें एमिलियो सेग्रे यांच्याकडे पाठविली. सेग्रे आणि खनिजशास्त्रज्ञ पेरिएर यांनीं तींतून ४३ व्या क्रमांकाचें मूलद्रव्य हुडकून काढलें. आवर्त सारणींतली ही जागा तोंवर रिकामीच होती, आणि तें मनुष्याच्या करणीनें उत्पन्न झालेलें पहिलें मूलद्रव्य, म्हणून पुढें त्याला ‘कृत्रिम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून टेक्नेशियम हें नांव मिळालें. १९३८ सालीं इटलींत ज्यू लोकांविरुद्ध कायदे झाले तेव्हां सेग्रे अमेरिकेंत होते. त्यांची पालेर्मोची जागा गेली, आणि ते बर्कलीलाच राहिले. तेथें सीबोर्ग यांच्यासह त्यांनीं टेक्नेशियमचा एक प्रकार ओळखला. त्याची अर्धायु अवघी सहा तासांची, आणि त्यांतून निघणारे गॅमा किरण शरीराबाहेर पडण्याइतके जोरदार, पण टिपतां येण्याइतके सौम्य. वैद्यकाला हवे असलेले सारे गुण त्याच्या अंगीं होते. तरी वीस वर्षें तें प्रयोगशाळेच्या वहींतच पडून राहिलें.

सहा तासांत निम्मी होणारी वस्तु दूरच्या रुग्णालयांत न्यायची कशी, हा प्रश्न होता. तो १९५८ च्या सुमारास अमेरिकेंतील ब्रूकहेव्हन प्रयोगशाळेंत वॉल्टर टकर व मार्गारेट ग्रीन यांनीं सोडविला. टेक्नेशियम ज्यापासून उपजतें तें मॉलिब्डेनम ६६ तासांनीं निम्मे होतें. तें एका नळींत पक्कें बसवून पाठवावें, आणि रोज सकाळीं मिठाचें पाणी वरून सोडून तयार झालेलें टेक्नेशियम तेवढें खालीं काढून घ्यावें. या नळीला तिकडचे लोक ‘गाय’ म्हणत, आणि त्या क्रियेला ‘दोहणें’. आठवडाभर दूध देऊन ती आटते. त्याच १९५८ सालीं बर्कलीचे हॅल अँगर यांनीं आपला गॅमा कॅमेरा शास्त्रज्ञांपुढें मांडला, आणि ओळीओळीनें फिरण्याऐवजीं मोठा भाग एकदम टिपण्याची सोय झाली.

एक अडचण राहिली. टेक्नेशियमला स्वतःला हाडाची मुळींच ओढ नाहीं. नुसतें टोंचलें तर तें गळ्यांतील थायरॉइड ग्रंथींत आणि जठरांत जातें. त्याला हाडाच्या गोतांतलें कोणी तरी वाटाड्या म्हणून बांधून द्यावयास हवें होतें. न्यूयॉर्क राज्यांतील सिरॅक्यूज येथें गोपाल सुब्रमण्यन् आणि जॉन मॅकॅफी यांनीं कथिलाच्या क्षाराच्या मदतीनें टेक्नेशियम फॉस्फेटच्या सांखळीला जोडलें, आणि १९७१ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. हेवेशी यांचा फॉस्फरस असा नव्या वेषांत परत आला. फॉस्फेटची सांखळी शरीरांतील पाचक द्रव्यें तोडून टाकीत. म्हणून लौकरच तिच्या जागीं फॉस्फोनेट आलें. या जातीचीं द्रव्यें मुळांत पाण्यांतला चुना नळ्यांत व भांड्यांवर बसूं नये, या खटपटींतून कारखानदारीला परिचित झालेलीं. ज्याला चुन्याशीं जडून बसतां येतें, त्याला हाडाशींही जडतां येतें. १९७५ सालीं सुब्रमण्यन् व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सुचविलेलें मेथिलीन डायफॉस्फोनेट हेंच आजही बोन स्कॅनसाठीं जगभर वापरलें जातें.

तपासणीची रीत साधी आहे. दंडाच्या शिरेंत सुई टोंचतात. रोग्याला भरपूर पाणी प्यावयास सांगतात. दोन-तीन तासांनीं, जादा द्रव्य लघवीवाटे निघून गेल्यावर, त्याला कॅमेऱ्याखालीं निजवितात. चित्रांत सारा सांगाडा फिकट उमटतो, आणि जेथें रक्ताचा ओघ व नवें हाड घडविण्याची धांदल अधिक, तेथें गडद ठिपका पडतो. क्ष-किरणांचें चित्र भिंती दाखवीत होतें. हें चित्र पेटलेली चूल दाखवूं लागलें. ऑस्टिऑइड ऑस्टिओमाचा गाभा म्हणजे तर अहोरात्र पेटलेली भट्टीच. तेथील ठिपका बहुधा कधीं चुकत नाहीं. १९८४ सालीं अमेरिकन निदानतज्ज्ञांनीं तींत एक बारकावा दाखवून दिला: गडद डागाच्या पोटांत त्याहूनही गडद असा एक बिंदु असतो, बाहेरचा डाग चिडलेल्या हाडाचा, आंतला बिंदु प्रत्यक्ष गांठीचा. जंतूंनीं झालेल्या गळवाच्या पोटीं मात्र पू असतो, आणि तेथें असा बिंदु सहसा दिसत नाहीं. जॅफी यांच्यापूर्वीं ज्या दोन विकारांची गल्लत होत असे, ते दोन्ही आतां हाड न फोडतां पुष्कळ अंशीं निराळे करतां येऊं लागले. मग त्या नेमक्या जागेवर सी. टी. यंत्राचे पातळ छेद घ्यावे, गाभा दिसतो. पूर्वीं शस्त्रवैद्याला अंदाजानें हाडाचा मोठा तुकडा काढावा लागे, आणि इतकें करूनही गाभा मागें राहून गेल्याचीं उदाहरणें होतीं. बोस्टन येथें डॅनिएल रोझेंथल यांनीं १९९२ सालीं सुईवाटे विद्युत्लहरींची उष्णता गाभ्यांत सोडून तो जाळण्याची रीत प्रसिद्ध केली. सुमारें ९० अंश उष्णता, तीही कांहीं मिनिटें. आणि वर्षानुवर्षें रात्र रात्र जागणारीं मुलें एक-दोन दिवसांत घरीं जाऊं लागलीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण रोग्यांच्या घरीं तिच्यावरून नाहक घबराट होते. गडद ठिपका जागा सांगतो, नांव सांगत नाहीं. ताजा अस्थिभंग, झिजलेला सांधा, जंतूंचा दाह, घातक अर्बुद, या सर्वांची चूल सारखीच पेटलेली दिसते. अहवालांत ठिपका आला म्हणजे कर्करोग झाला, असें मुळींच नाहीं. उलट मज्जेचा मायलोमा हा घातक रोग हाड पोखरतो, पण नवें हाड घडवूं देत नाहीं. तेथें चित्र स्वच्छ येऊनही रोग असूं शकतो. म्हणून दुर्मिळ गांठीचें निदान रोग्याची हकीकत, क्ष-किरण, स्कॅन आणि सूक्ष्मदर्शक यांच्या एकमतानेंच करावयाचें असतें.

या उण्यापणाची खरी परीक्षा पाहिली ती एका आणखीच दुर्मिळ गांठीनें. केंब्रिजचे रॉबर्ट मॅकॅन्स यांनीं १९४७ सालीं एका तरुण मुलीची हकीकत लिहिली. पंधराव्या वर्षाच्या सुमारास तिचीं हाडें मऊ पडूं लागलीं. जीवनसत्त्व ‘ड’ भरमसाट द्यावें लागलें. शेवटीं मांडीच्या हाडांतली एक गांठ काढल्यावर ती बरी झाली. गांठीचा आणि रोगाचा संबंध मात्र त्या वेळीं पुरता उमगला नाहीं. १९५९ सालीं झुरिचचे आंद्रेआ प्राडर यांनीं अकरा वर्षांच्या मुलीच्या बरगडींतली गांठ काढून तिचा मुडदूस बरा झालेला पाहिला, आणि ही गांठच हाडें मऊ करणारें कांहीं द्रव्य रक्तांत सोडीत असावी, असा तर्क केला. तो २००१ सालीं खरा ठरला. त्या द्रव्याचें नांव एफ. जी. एफ.-२३. तें मूत्रपिंडांकडून शरीरांतला फॉस्फेट लघवीवाटे बाहेर टाकवतें. साऱ्या देहाचीं हाडें उपाशी पडतात, आणि रोगी काठी टेकीत, पुढें पुढें खाटेवरच, दिवस काढतो. चोर मात्र एखाद्या कोपऱ्यांत सुपारीएवढा बसलेला!

येथें नेहमींचा बोन स्कॅन फसवितो. मऊ पडलेल्या हाडांना जागोजाग चिरा गेलेल्या असतात, आणि त्या सर्व चिरा ठिपक्यांच्या रूपानें उमटतात. त्या गर्दींत चोर कोणता तें ओळखूं येत नाहीं. अशा रोग्यांना ‘कर्करोग सर्वत्र पसरला’ असें चुकून सांगितलें गेल्याचेंही घडलें आहे. उपाय निघाला तो पुन्हां हेवेशींच्याच घंटेचा. ती बांधावयाची मात्र दुसऱ्या गाईच्या गळ्यांत. या गांठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या अंतःस्रावाला पकडणाऱ्या खुंट्या असतात. त्या खुंट्यांवर जाऊन बसणारें द्रव्य तयार करून त्याला आधीं किरणोत्सर्गी इंडियम आणि पुढें ६८ मिनिटांत निम्मे होणारें गॅलियम जोडण्यांत आलें. या चित्रांत हाडांतल्या चिरा फिक्या पडतात आणि गांठ उजळून निघते.

ही विद्या मुंबईला नवखी नाहीं. तुर्भे येथें ‘अप्सरा’ ही अणुभट्टी १९५६ सालीं सुरू झाली, आणि १९६३ सालीं परळला टाटा स्मारक रुग्णालयाच्या आवारांत रेडिएशन मेडिसिन सेंटर उघडलें गेलें; देशांतलें पहिलें पेट यंत्र २००२ सालीं तेथेंच बसलें. तेथून जवळच असलेल्या के. ई. एम. रुग्णालयाच्या अंतःस्राव विभागानें हाडें मऊ करणाऱ्या या गांठींचा आपला अनुभव २०१९ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत डोक्याच्या व मानेच्या भागांत दडलेल्या गांठींचा खास विचार आहे, आणि अशा गांठींना सर्वांत आवडती जागा म्हणजे नाक व त्याच्या भोंवतालच्या पोकळ्या. दुखतात पाय, मोडतो खुबा, आणि गांठ निघते नाकांत. ती समूळ काढली कीं एफ. जी. एफ.-२३ रक्तांतून भराभर ओसरतें, रक्तांतील फॉस्फेट बहुधा आठवडा-दीड आठवड्यांत पूर्ववत् होतो, आणि पुढल्या कांहीं महिन्यांत हाडांतल्या चिरा एकेक करून बुजूं लागतात.